आवाजाचं धरण

रात्री बातम्या लागल्या की आवाज कमी करायचा, मालिका सुरू झाली की वाढवायचा आणि जाहिराती आल्या की पुन्हा रिमोट शोधायचा, हा उद्योग बहुतेक घरांत रोज चालतो. ज्यांना घरच्या घरी काही ध्वनिमुद्रित करायची हौस आहे, त्यांची अडचण तर याहून मोठी. आजीची मुलाखत घ्यावी, तर प्रश्न विचारणारा नातू माइकला चिकटून बसलेला आणि आजी हातभर लांब. नातवाचा आवाज कानठळ्या बसवतो आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला, ते आजीचं बोलणं मात्र ऐकूच येत नाही.

यावर आज संगणकात एक आयता उपाय मिळतो. त्याला ‘ऑटो लेव्हलर’ म्हणतात. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी ही एक छोटी आज्ञावली. ध्वनिसंपादनाच्या मोठ्या सॉफ्टवेअरला ती वरून जोडायची असते, म्हणून तिला ‘प्लगइन’ असंही नाव आहे. ती उघडली की पडद्यावर पाच-सहा नॉब दिसतात. टार्गेट, रेंज, अटॅक, रिलीज, गेट, लिमिटर. बहुतेक माणसं हे नॉब अंदाजाने फिरवतात, कानाला बरं वाटलं की थांबतात आणि चार दिवसांनी तेच ध्वनिमुद्रण ऐकून म्हणतात, ‘हे असं विचित्र का वाटतंय?’

या नॉबांना इतिहास आहे. गेल्या शंभर वर्षांत कुणाला तरी एकेक अडचण आली आणि तिच्यावरचं उत्तर म्हणून एकेक नॉब जन्माला आला. अडचण समजली की नॉब समजतो. पण आवाज डोळ्यांना दिसत नाही आणि पाणी दिसतं. म्हणून आधी आपण लोणावळ्याजवळ वलवणला जाऊ.

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कोरडे. इकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांना बाराही महिने शक्ती हवी होती आणि त्या दगडी कोळशावर चालत होत्या. घाटावरचं पाणी अडवून कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज करायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी मनात धरली होती. 1904 साली ते गेले. पुढे 1910 साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, फेब्रुवारी 1911 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी 1915 मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. वलवण, लोणावळा आणि शिरवटा या तीन तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरतं आणि खोपोलीची चक्रं फिरवतं.

धरण म्हणजे पातळी सारखी करण्याचं यंत्रच. वरून पाणी येतं धो धो किंवा अजिबात नाही. खाली मात्र ते रोज लागेल तेवढं जातं. पण खोपोलीतली खरी गंमत पुढेच आहे. वीज साठवून ठेवता येत नव्हती. गिरणीचा भोंगा झाला, माग थांबले की विजेची मागणी एकदम उतरणार. नळातून पाणी मात्र त्याच जोराने येतंय. मग चक्र भरधाव सुटणार. उलट, सगळे माग एकदम सुरू झाले की चक्र मंदावणार. कितीही भार आला-गेला तरी चक्राची गती सारखी ठेवायची, तर पाणी सतत कमी-जास्त करायला हवं, आणि तेही आपोआप. हे काम करणाऱ्या यंत्राला ‘गव्हर्नर’ म्हणतात. जेम्स वॉटने 1788 साली वाफेच्या इंजिनाला असा गव्हर्नर बसवला होता. फिरणारे दोन गोळे. गती वाढली की ते बाहेर फाकतात आणि वाफेची झडप मिटत आणतात.

या गव्हर्नरला एक खोड होती. तो फार उतावळा असला तर गती थोडी वाढताच झडप जास्तच मिटवायचा. मग गती पडायची, म्हणून झडप जास्तच उघडायचा. मग गती पुन्हा वाढायची. यंत्र असं हेलकावे खात राहायचं. थोर शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 साली या हेलकाव्यांचं गणित मांडलं. त्याचा मथितार्थ असा की, चूक दुरुस्त करण्याचा वेग हीसुद्धा एक चूक ठरू शकते.

पाण्यावरच्या चक्राला तर दुसरंही भय असतं. शेकडो मीटर लांबीच्या नळातून वेगाने येणारं पाणी एकदम अडवलं, तर त्याचा तडाखा नळाला बसतो आणि नळ फुटू शकतो. म्हणून उंचावरून पडणाऱ्या पाण्यासाठी जी पेल्टन जातीची चक्रं वापरतात, त्यांत दोन वेगळ्या गतींचे उपाय असतात. भार अचानक गेला की एक पत्रा झटकन पाण्याच्या धारेआड येतो आणि धार चक्रावरून वळवतो. हे काम क्षणात होतं. त्यानंतर धारेच्या तोंडातली सुई सावकाश पुढे सरकते आणि पाणी कमी करते. धोका टाळायचा तो झटकन आणि पुन्हा स्थिर व्हायचं ते सावकाश, ही ती रीत. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे आवाजाच्या यंत्रातही आपल्याला तेच भेटणार आहे.

आता आवाजाकडे वळू. मुंबईचं नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं, पुण्याचं 2 ऑक्टोबर 1953 रोजी. जगभरातल्या अशा केंद्रांवर सुरुवातीला आवाजाचा गव्हर्नर म्हणजे एक माणूसच होता. स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेला तंत्रज्ञ. डोळा मीटरच्या काट्यावर आणि हात नॉबवर. आवाज फार वाढला तर प्रक्षेपकाला पेलत नाही, तो फाटतो. फार कमी झाला तर श्रोत्याच्या घरी खरखरीत बुडून जातो. या दोन काठांमधून आवाज न्यायचा, हे त्याचं काम. श्रुतिका चालू असेल तर संहिता त्याच्यापुढे असे. पुढच्या पानावर नायकाने आरोळी ठोकायची आहे हे त्याला ठाऊक असे आणि आरोळीच्या क्षणभर आधीच त्याचा हात किंचित मागे आलेला असे. आरोळीनंतरची शांतता मात्र तो तशीच सोडत असे. ती शांतता नाटककाराने लिहिलेली आहे, हे त्याला कळत असे.

यंत्राने हे काम पहिल्यांदा केलं ते केंद्रावर नाही, तर श्रोत्याच्या घरात. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, रात्री लांबचं स्टेशन लावलं की आवाज भरतीसारखा येई आणि ओहोटीसारखा जाई. रात्री आकाशातल्या विद्युतभारित थरांवरून परतून येणाऱ्या लहरींचा जोर सतत बदलतो, त्याचा हा परिणाम. अमेरिकेत हॅरल्ड व्हीलर या तरुण अभियंत्याने 1926 च्या सुरुवातीला यावर उपाय काढला. आलेल्या लहरीचा जोर रेडिओनेच मोजायचा आणि त्या मानाने स्वतःची वर्धनशक्ती कमी-जास्त करायची. 1929 पासून ‘फिल्को’च्या रेडिओसंचांत ही सोय आली आणि थोड्याच वर्षांत ती सर्वत्र गेली. आपल्या प्लगइनचा हा पणजोबा.

यातून पहिला नॉब निघाला. टार्गेट, म्हणजे पातळी कुठे ठेवायची. तलाव कोणत्या खुणेपर्यंत भरायचा, तशी ही खूण. ती ठरवायला मात्र जगाला बराच काळ लागला. 1939 साली अमेरिकेतल्या प्रसारण कंपन्या आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून ‘व्हीयू मीटर’ प्रमाणित केला. पुढे ध्वनिमुद्रण यंत्रांवर हलणारा जो काटा घरोघर दिसला, तो हाच. पण काटा विजेचा दाब मोजतो, कानाला जाणवणारा मोठेपणा मोजत नाही. आपल्या कानाला खर्जातले सूर कमी जाणवतात आणि मधल्या-वरच्या पट्टीतले जास्त. म्हणूनच काटा तेवढाच हलूनसुद्धा जाहिरात बातम्यांपेक्षा मोठी वाटायची. कानाच्या स्वभावाला धरून मोजमाप करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आली ती 2006 साली. तिचं एकक ‘एलयूएफएस’. युरोपातल्या प्रसारकांनी 2010 मध्ये उणे 23 ही खूण ठरवली. अमेरिकेत जाहिरातींचा आवाज कार्यक्रमाहून मोठा नसावा, असा कायदा त्याच वर्षी झाला आणि डिसेंबर 2012 पासून लागू झाला. इंटरनेटवरच्या बोलक्या कार्यक्रमांसाठी उणे 16 ही खूण बरेच जण वापरतात. तेव्हा टार्गेटचा नॉब फिरवताना स्वतःला विचारायचं, हे कुठे आणि कशावर ऐकलं जाणार आहे? शांत खोलीत की बसच्या खिडकीशी?

दुसरा नॉब रेंज. यंत्राला किती वाढवण्याची आणि किती उतरवण्याची मुभा द्यायची? हिशेबासाठी एवढं पुरे की सुमारे दहा डेसिबल वाढवले तर आवाज कानाला दुप्पट वाटतो. मुभा अमर्याद दिली, तर आजी बोलायची थांबताच यंत्र पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा तिच्या आवाजाएवढा करायला धडपडतं. साध्या मुलाखतीला वर सहा आणि खाली सहा डेसिबल इतकी मुभा पुष्कळदा पुरते. नातवाच्या आणि आजीच्या आवाजात त्याहून मोठी तफावत असेल, तर दोघांचे तुकडे आधी हाताने जवळ आणावेत आणि मगच यंत्र लावावं.

तिसरा आणि चौथा नॉब जोडीचे. अटॅक म्हणजे आवाज वाढला तर किती लवकर तो खाली ओढायचा. रिलीज म्हणजे तो उतरल्यावर किती वेळाने पूर्ववत व्हायचं. हे दोन नॉब समजण्यासाठीच आपण खोपोलीला गेलो होतो. 1930 च्या दशकात प्रक्षेपकाच्या रक्षणासाठी आवाज आपोआप दाबणारी यंत्रं केंद्रांवर आली. 1937 साली वेस्टर्न इलेक्ट्रिकने आणलेलं यंत्र त्यांतलं नावाजलेलं. त्यांनी आरोळी पकडली, पण नवंच दुखणं सुरू केलं. रिलीज घाईचा असला की प्रत्येक शब्दाबरोबर मागचा आवाज वरखाली होई, भात्याने फुंकल्यासारखा. ढोलकीचा ठेका पडला की गाणारीचा आवाज बुडे आणि लगेच वर येई. वॉटच्या गव्हर्नरचे हेलकावे ते हेच.

म्हणून धडा तोच. खाली ओढायचं ते लवकर, सोडायचं ते सावकाश. इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. कॉम्प्रेसर आणि लेव्हलर हे भाऊभाऊ असले तरी त्यांची कामं वेगळी. कॉम्प्रेसर अक्षराच्या गतीने काम करतो, सेकंदाच्या शतांशांत. लेव्हलर वाक्याच्या गतीने काम करतो, काही सेकंदांत. काचेमागच्या त्या तंत्रज्ञाचा हात ज्या गतीने फिरे, ती लेव्हलरची गती. लेव्हलरचा रिलीज अर्ध्या सेकंदावर आणला की तो लेव्हलर उरत नाही आणि बोलण्यातला ठसका जातो. तीन-चार सेकंदांपासून सुरुवात करावी आणि कानाने पुढे-मागे करावं. त्या तंत्रज्ञाला आरोळी आधी कळे, कारण संहिता त्याच्यापुढे असे. संगणकापुढेही ध्वनिमुद्रण आधीच तयार असतं, त्यामुळे तो थोडं पुढचं ऐकून ठेवू शकतो. ‘लुक-अहेड’ नावाचा नॉब दिसला तर तो हा. पण पुढे आरोळी आहे एवढंच त्याला दिसतं, ती कशासाठी आहे ते दिसत नाही.

पाचवा नॉब गेट, आणि माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा. बोलणारा थांबला की यंत्राला वाटतं, आवाज उतरला, वाढवायला हवा. मग ते विरामातला श्वास, खुर्चीची करकर, सगळं वर उचलतं आणि पुढचा शब्द आला की दचकून खाली दाबतं. 1959 साली अमेरिकेतल्या सीबीएस लॅबोरेटरीजने ‘ऑडिमॅक्स’ नावाचं यंत्र आणलं. त्यात ही युक्ती होती की, आवाज एका मर्यादेखाली गेला तर काहीच करायचं नाही. हात आहे तिथेच धरून थांबायचं. शांतता हा कमी आवाज नसून विराम आहे, असं यंत्राला शिकवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल. मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही 2011 पासून शांततेचे तुकडे सरासरीत धरत नाहीत. गेटची खूण खोलीतल्या घरघरीच्या थोडी वर आणि बोलणाऱ्याच्या सर्वांत हळू शब्दाच्या थोडी खाली असावी.

सहावा नॉब लिमिटर. हा धरणाचा सांडवा. एवढं करूनही एखादी आरोळी निसटलीच, तर ती शेवटच्या भिंतीवर अडवायची. सांडवा रोज वाहू लागला, तर दोष सांडव्याचा नसतो, वरच्या हिशेबाचा असतो. लिमिटर सतत दिवा दाखवत असेल, तर टार्गेट खाली आणावं.

इथवर सगळं सोपं वाटतं. पण महाराष्ट्रातलं एक उदाहरण घेतलं की हे नॉब किती तोकडे आहेत ते कळतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या जमवण्याचं मोठं काम केलं. गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या अनेकींचं ध्वनिमुद्रणही झालं. आता कल्पना करा, अशा एखाद्या ओवीला आपण लेव्हलर लावला आहे. बाई एक ओळ म्हणते, थांबते, दम घेते. ती थांबते, पण जातं थांबत नाही. जात्याची घरघर हा गोंगाट नाही. तोच तिचा ताल आणि तीच तिची साथ. रिलीज लवकरचा असला, तर प्रत्येक ओळीनंतर जातं अंगावर धावून येईल. गेट वर ठेवावा, तर तिच्या हलक्या आवाजातली ओळही विराम समजली जाईल. आणि दुःखाची ओळ हलक्या आवाजातच येते. आवाज आणि जातं यांची पातळी जिथे जवळजवळ सारखी, तिथे गेटला खूण ठेवायला जागाच नसते. तिथे रेंज दोन-तीन डेसिबलवर आणावी, नाहीतर यंत्र बंद करून हातानेच काम करावं.

ख्यालाच्या मैफलीचंही तसंच. अर्धा तास गायक आवाज आणि लय हळूहळू चढवत नेतो. लेव्हलर सुरुवातीची आलापी वर उचलेल आणि द्रुतातल्या ताना खाली दाबेल. प्रत्येक क्षण स्वच्छ ऐकू येईल आणि चढण मात्र सपाट झालेली असेल. मधल्या विरामांत तानपुरा उगाच पुढे येईल तो वेगळाच.

पातळी सारखी करायची म्हणजे कुठून तरी काढून कुठे तरी द्यावं लागतं. वलवणनेही तेच केलं. वलवणचं धरण इंद्रायणीच्या पाण्यावर आहे. पावसाळ्यात सांडव्यावरून जाणारं पाणी देहू-आळंदीच्या वाटेने पूर्वेला भीमेत जातं. वीजघरात सोडलेलं पाणी मात्र पश्चिमेला पाताळगंगेत उतरून अरबी समुद्राला मिळतं. मुंबईला बारमाही वीज मिळाली, त्याचबरोबर एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात गेलं. ते पुन्हा पूर्वेला वळवावं की नाही, हा वाद म्हणूनच आजही निघतो. ते बरं की वाईट हा आजचा विषय नाही. पण पाणी कुठून कुठे गेलं, याची नोंद तरी तिथे आहे.

आवाजाच्या बाबतीत ती नोंद फक्त मूळ ध्वनिमुद्रणात असते. पातळी एकदा सारखी करून मूळ प्रत पुसली, की आजीने कोणता शब्द हळू उच्चारला होता आणि कुठे तिचा आवाज चढला होता, हे कुठल्याच नॉबने परत आणता येत नाही. लेव्हलर जरूर वापरा. ज्यांना कमी ऐकू येतं, जे प्रवासात ऐकतात, त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण तो नेहमी दुसऱ्या प्रतीवर चालवा. पहिली प्रत, घरघरीसकट, खोकल्यासकट, ऐकू न येणाऱ्या शब्दांसकट, वेगळी जपून ठेवा आणि तिच्यावर तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव लिहा. जात्यावर दळणाऱ्या बायकांची पिढी मावळत चालली आहे. त्यांचा चढता-उतरता आवाज आपल्याकडे जसा आला, तसाच तो पुढच्यांच्या हाती गेला पाहिजे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित पाठ)